विश्लेषण : विडीच्या दुकानात बसणारे निसर्गदत्त महाराज कोण होते?

मारुती कांबळी यांचा जन्म १८९७ मध्ये मुंबईत झाला, तर बालपण कोकणातील कांदळगावात गेले. पुढे त्यांनी मुंबईत विड्यांचे दुकान काढले. १९३३ मध्ये त्यांना सिद्धरामेश्वर महाराज भेटले. गुरूंनी दिलेली साधना एकच : विचारांमागे न धावता ‘मी आहे’ या जाणिवेवर लक्ष ठेवणे. १९३६ मध्ये गुरूंचे निधन झाल्यावर कांबळी घरदार सोडून हिमालयाकडे निघाले. मात्र शांतीसाठी संसार सोडावा लागत नाही, हे उमगून ते परतले आणि पुन्हा दुकानात बसले. खेतवाडीतील घराच्या माळ्यावर ते जिज्ञासूंशी मराठीत बोलत. मॉरिस फ्रीडमन यांनी केलेला या संवादांचा इंग्रजी अनुवाद १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर परदेशी साधकही तेथे येऊ लागले. घशाच्या कर्करोगातही त्यांनी हे बोलणे सोडले नाही. १९८१ मध्ये त्यांचे निधन झाले.