विश्लेषण : वारा हेरणारा सरखेल! कान्होजी आंग्रे मोठ्या जहाजांना कसे नमवत?

शिडाच्या होड्यांची शर्यत नवख्या माणसाने पहिल्यांदा पाहिली, की त्याला वाटते ज्याची होडी वेगवान तो जिंकणार. प्रत्यक्षात अशा बहुतेक शर्यतींत सगळ्या होड्या एकाच बनावटीच्या असतात. शीड तेवढेच, वजन तेवढेच. तरीही पहिल्या आणि शेवटच्या होडीत मोठे अंतर पडते. फरक पडतो तो वारा कुठून येतो आहे, पुढे कुठे वळणार आहे आणि त्याच्या कोणत्या बाजूला आपण उभे आहोत, हे कळण्याने. तीनशे वर्षांपूर्वी कोकण किनाऱ्यावर हेच गणित तोफा घेऊन मांडले गेले. ते मांडणारे मराठा आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे ४ जुलै १७२९ रोजी वारले. समुद्रापासून लांब असलेल्या वऱ्हाडात त्यांचे नाव शाळेच्या पुस्तकातून माहीत असते, पण ते जिंकत कसे, हे त्या पुस्तकातून सहसा कळत नाही.

वाऱ्याची बाजू म्हणजे काय?

शिडाची कोणतीही नौका थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाताना रस्ता सरळ डोंगरावर चढत नाही, वळणे घेत चढतो. तसे शिडाच्या नौकेला वाऱ्याच्या उगमाकडे जायचे तर कधी डावीकडे, कधी उजवीकडे तिरपे जावे लागते. आजची शर्यतीची होडी वाऱ्याशी साधारण ४५ अंशांचा कोन धरू शकते. त्या काळच्या चौकोनी शिडांच्या युरोपीय जहाजांना साठ अंशांहून जास्त कोन लागे. म्हणजे त्यांची वळणे लांबलचक आणि वेळखाऊ.

यातूनच डावपेच निघतात. ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूची नौका वाटेल तेव्हा वाऱ्यावर स्वार होऊन खाली झेपावू शकते. खालच्या बाजूच्या नौकेला वर यायचे तर नागमोडी चढण चढावी लागते. शिवाय वरची नौका आपल्या शिडाने खालच्या नौकेचा वारा अडवते. शर्यतीत नवखे यातच फसतात. ते पुढच्या होडीच्या मागे चिकटून राहतात आणि आपले शीड का ढिले पडले ते त्यांना उमगत नाही. जाणकार खेळाडू स्वतःच्या होडीकडे कमी आणि पुढच्या पाण्याकडे जास्त पाहतो. वाऱ्याची झुळूक आली की तिथले पाणी बारीक लाटांनी काळसर दिसते. खळ्यावर वावडीवर उभे राहून ज्वारी उफणणाऱ्या माणसाला वारा येण्याआधी कळायचा, तसेच हे. आता मळणीयंत्रे आल्यापासून ती नजरही गावात कमी झाली.

कान्होजी समुद्र कुठे शिकले?

आंग्रे घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. पुणे भागातल्या आंगरवाडीवरून ते आंग्रे झाले. म्हणजे मूळचे हे घर घाटावरचे. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या आरमारात होते आणि हर्णैसमोरच्या सुवर्णदुर्गावर त्यांची चाकरी होती. कान्होजींचे बालपण या परिसरात गेले. दर्यावर्दी कोळी आणि भंडारी ज्या पाण्यावर पोट भरत, तेच त्यांच्या डोळ्यांसमोर होते.

त्या पाण्याचे वेळापत्रक ठरलेले असते. पावसाळ्याचे महिने समुद्र बंद. पाऊस सरला की रोज एकच चक्र : रात्री जमीन लवकर थंड होते आणि पहाटेपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहतो, तो मतलई. दुपारी जमीन तापते आणि समुद्राकडून वारा येतो, तो खारा. भूगोलात दोन गुणांसाठी पाठ केलेली ही जोडी मच्छीमाराचा घड्याळाचा काटा आहे. मतलईवर बाहेर पडायचे, खाऱ्यावर घरी यायचे.

आता हेच लढाईच्या नजरेने पाहा. पहाटे खाडीतून बाहेर पडणाऱ्या नौकेच्या पाठीशी वारा असतो. समोरून किनाऱ्याला समांतर चाललेले व्यापारी जहाज तिच्या खालच्या बाजूला असते. ज्याच्या ताब्यात खाड्या आणि किल्ले, त्याला वाऱ्याची बाजू दररोज काही तास फुकट मिळते.

जंजिऱ्याच्या सिद्दीने सुवर्णदुर्गाला वेढा घातला असताना किल्लेदार फितूर झाल्याचे कान्होजींनी ओळखले आणि किल्ला राखला, असे परंपरेने सांगितले जाते. पुढे राजाराम महाराजांच्या काळात ते सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख झाले. अलिबागजवळचा कुलाबा किल्ला हे त्यांचे मुख्य ठाणे होते.

लहान नौका मोठ्या जहाजाला कशा भिडत?

कान्होजींच्या आरमारात मुख्यतः दोन जातींच्या नौका होत्या. गुराब ही दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, दीडशे ते तीनशे टनांपर्यंतची. तिचा तळ उथळ, पुढचे टोक लांब निघालेले, आणि त्या टोकावरून सरळ पुढे मारा करणाऱ्या दोन तोफा. दुसरे गलबत, सत्तर टनांपर्यंतचे, मोठ्या तिकोनी शिडाचे आणि चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. इंग्रजी जहाजापुढे दोन्ही किरकोळच. समोरासमोर कुशीला कूस लावून तोफांची लढाई केली असती तर तासाभरात चिंध्या झाल्या असत्या.

म्हणून तसे ते लढतच नसत. त्या काळच्या मोठ्या जहाजाच्या तोफा दोन्ही कुशींना असत. मागच्या बाजूला फार थोड्या. आंग्र्यांच्या नौका मागून येत. गुराबेच्या तोफा पुढच्या टोकावर असल्याने पाठलाग करता करताच मारा करता येई. सावज जहाजाला उत्तर द्यायचे तर वळून कूस दाखवावी लागे. वळले की वेग गेला, वाऱ्याची बाजूही गेली. पहिला मारा असे तो शिडांवर, दोरखंडांवर आणि डोलकाठ्यांवर. डोलकाठी कोसळली की ते जहाज राहत नाही, तरंगता वाडा उरतो. मग चारी बाजूंनी गलबते चिकटत आणि शेकडो माणसे तलवारी घेऊन वर चढत.

वारा पडला तर? शर्यतीत वारा पडला की सगळेच अडकतात. इथे मात्र वारा पडणे ही पर्वणी होती. मोठे जहाज शिडे लोंबकळत जागीच उभे, आणि गलबते वल्ही मारत गुराबांना दोरखंडाने ओढून त्याच्या पाठीशी आणून सोडत. वारा वाढला आणि मोठ्या जहाजाला जोर आला, तर उथळ पाण्यात पळून जायचे. तिथे मोठ्या जहाजाचा तळ जमिनीला लागे. पळण्यात कान्होजींना कमीपणा वाटल्याचे दिसत नाही. त्यांच्या यशातला निम्मा वाटा, आमच्या मते, न लढलेल्या लढायांचा आहे.

याचा धडाच नोव्हेंबर १७१२ मध्ये मुंबईकर इंग्रजांना मिळाला. कारवारहून निघालेल्या जहाजांवर आंग्र्यांच्या नौका तुटून पडल्या. गव्हर्नर विल्यम एजलाबीची सशस्त्र याट डोलकाठी गमावून हाती लागली, कारवार वखारीचा प्रमुख चाऊन मारला गेला. त्याच्या पत्नीची सुटका पुढच्या वर्षी तीस हजार रुपयांच्या खंडणीवर झाली. खुद्द गव्हर्नरची याट गेली, ही नामुष्की खंडणीपेक्षा मोठी होती.

चाचा की सरखेल?

इंग्रजी कागदपत्रांत कान्होजी सर्रास चाचे म्हणून येतात. पण पोर्तुगीज जसे आपल्या परवान्याशिवाय जहाज जाऊ देत नसत, तसेच कान्होजी दस्तक देत आणि त्याचे पैसे घेत. तंटा होता तो दस्तकावरून. कंपनीच्या निशाणाखाली खासगी व्यापाऱ्यांचा मालही दस्तकाशिवाय नेला जाई, ही त्यांची तक्रार होती. छत्रपतींच्या सरखेलाने किनाऱ्यावर कर घेणे आणि चाचेगिरी यांत फरक आहे; तो न मानण्यात कंपनीचा फायदा होता.

छत्रपती कोण, हाच त्या काळचा पेच होता. १७०७ नंतर शाहू आणि ताराबाई अशी दोन दरबारांची ओढाताण सुरू झाली. आपल्याकडचे भोसले शाहूंना जाऊन मिळाले होते. परसोजींनंतर वऱ्हाडचा कारभार पाहणाऱ्या त्यांच्या मुलाचे नावही कान्होजीच, म्हणून जुन्या कागदांत वाचताना गोंधळ होतो. आंग्रे मात्र ताराबाईंच्या बाजूला. शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे त्यांच्यावर चालून गेले आणि १७१३ मध्ये त्यांचे कैदी झाले. नवे पेशवे बाळाजी विश्वनाथ यांनी लढण्याऐवजी बोलणी केली. १७१४ मध्ये लोणावळ्याजवळ तह झाला. कान्होजींनी शाहूंना मानले आणि त्यांचे किल्ले व सरखेलपद कायम राहिले.

चाल करून आलेल्यांचे काय झाले?

एजलाबीनंतर आलेल्या गव्हर्नर चार्ल्स बूनने आंग्र्यांचा निकाल लावायचा चंगच बांधला. १७१७ मध्ये विजयदुर्गावर हल्ला फसला. १७१८ मध्ये खांदेरीवर. १७२० च्या ऑगस्टमध्ये अकोल्याजवळ बाळापूरला निजामाने आलम अली खानाचा पराभव करून दख्खन हाती घेतले. त्यानंतर थोड्याच दिवसांत बूनची माणसे पुन्हा विजयदुर्गासमोर उभी होती, या खेपेला जाड भिंतींचा तरंगता तोफखाना घेऊन. तो हलायलाच जड निघाला. १७२१ मध्ये ब्रिटिश राजाच्या नौदलाची चार जहाजे घेऊन कमोडोर मॅथ्यूज आला, पोर्तुगीज सोबतीला आले आणि सर्वांनी कुलाब्यावर चाल केली. जमिनीवरच्या या लढाईत बाजीराव मदतीला धावले, दोस्तांचे आपसात बिनसले, पोर्तुगीजांनी वेगळा तह केला. १७२४ मध्ये विजयदुर्गावरून डचांनाही परतावे लागले.

या यादीत एक गोष्ट सारखी आहे. प्रत्येक वेळी शत्रूला कान्होजींच्या किल्ल्यापर्यंत, त्यांच्या पाण्यात यावे लागले. उघड्या समुद्रात आंग्र्यांचे अख्खे आरमार गाठून एका लढाईत संपवण्याची संधी त्यांनी कोणाला दिली नाही.

मग हे आरमार संपले कसे?

कान्होजींनंतर थोरले सेखोजी १७३३ मध्ये वारले आणि भाऊ भांडले. १७३५ मध्ये बाजीरावांनी वाटणी केली : कुलाबा मानाजींकडे, विजयदुर्ग आणि सरखेलपद संभाजींकडे. एका किनाऱ्यावर दोन आरमारे झाली. संभाजींनंतर विजयदुर्ग तुळाजींकडे आला. त्यांचे पेशव्यांशी इतके बिघडले, की पेशव्यांनी इंग्रजांशीच हातमिळवणी केली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसनचा काफिला विजयदुर्गासमोर आला, क्लाइव्ह सोबत होता आणि जमिनीकडून पेशव्यांचे सैन्य. तुळाजींचे आरमार त्या वेळी किल्ल्याच्या आश्रयाला नांगरून ठेवलेले होते. त्याला ना पाठीशी वारा होता, ना पळायला जागा. एका नौकेला आग लागली, ती शेजारच्या नौकांवर गेली आणि कान्होजींनी उभे केलेले बळ बंदरातच जळाले.

स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये नौदलाने मुंबईतल्या आपल्या तळाला आयएनएस आंग्रे हे नाव दिले. खांदेरी बेटालाही कान्होजींचे नाव आहे. त्यांची समाधी अलिबाग गावात आहे आणि कुलाबा किल्ला समोरच्या समुद्रात. ओहोटीला तिथे पायी जाता येते, भरतीला वाट पाण्याखाली जाते. सुट्टीत वऱ्हाडातून जाणाऱ्यांनी हॉटेलच्या वेळेआधी भरती-ओहोटीची वेळ विचारून घ्यावी.