विश्लेषण : गणवेशातील सैनिकाचे नागरिकत्व चौथ्या दिवशी का गेले? भगतसिंग थिंड कोण होते?

९ डिसेंबर १९१८. पहिले महायुद्ध संपून महिनाही झाला नव्हता. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील एका न्यायालयात लष्करी गणवेशातील एका शीख तरुणाला अमेरिकी नागरिकत्व मिळाले. अवघ्या चार दिवसांत ते रद्द झाले. कारण एकच : तो गोरा नाही. भगतसिंग थिंड हे त्या तरुणाचे नाव. पुढे त्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्याच्या निकालाने अमेरिकेतील भारतीयांसाठी नागरिकत्वाचे दार दोन दशकांहून अधिक काळ बंद केले.

थिंड अमेरिकेत कसे पोहोचले?

थिंड यांचा जन्म १८९२ मध्ये पंजाबातील अमृतसर जिल्ह्यात झाला. अमृतसरच्या खालसा कॉलेजात ते शिकले. जुलै १९१३ मध्ये ते सिएटल बंदरात उतरले. त्या काळी पश्चिम किनाऱ्यावर पंजाबी माणसे लाकडाच्या गिरण्यांत, रेल्वेमार्गांवर आणि शेतांत राबत होती. थिंड यांनीही ओरेगॉन राज्यातील लाकडाच्या गिरण्यांत काम केले. भारताच्या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या गदर चळवळीची सुरुवातही त्याच वर्षी, त्याच राज्यात झाली. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे हे तिच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांपैकी एक. थिंड यांचाही या वर्तुळाशी संबंध होता.

जुलै १९१८ मध्ये ते अमेरिकी लष्करात भरती झाले. कॅम्प लुईस या तळावर त्यांना प्रभारी सार्जंटचा हुद्दा मिळाला. पगडी घालून अमेरिकी लष्करात सेवा करणारे ते पहिले शीख मानले जातात. युद्ध संपल्यावर सन्मानाने निवृत्त करताना त्यांच्या वर्तणुकीवर लष्कराने उत्कृष्ट असा शेरा दिला.

कायद्याची अडचण काय होती?

१७९० च्या कायद्यानुसार बाहेरून आलेल्यांपैकी फक्त स्वतंत्र गोऱ्या व्यक्तीलाच नागरिक होता येत असे. यादवी युद्धानंतर, १८७० मध्ये, आफ्रिकी वंशाच्या लोकांचा त्यात समावेश झाला. आशियाई मात्र बाहेरच राहिले. म्हणजे नागरिकत्व हवे असेल तर भारतीयासमोर एकच मार्ग उरत होता : आपण गोरे आहोत हे न्यायालयात सिद्ध करणे. थिंड यांच्या आधी काही भारतीयांना ते जमलेही होते. स्थानिक न्यायाधीश कोण, यावर बरेचसे अवलंबून असे.

पहिले नागरिकत्व गेल्यावर थिंड यांनी ओरेगॉनमध्ये पुन्हा अर्ज केला. गदर चळवळीतील ओळखींचा मुद्दा सरकारी अधिकाऱ्याने पुढे आणला. तरीही न्यायाधीश चार्ल्स वुल्व्हर्टन यांनी नोव्हेंबर १९२० मध्ये त्यांना नागरिकत्व दिले. सरकारने अपील केले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले.

सर्वोच्च न्यायालयात काय घडले?

थिंड यांची बाजू सखाराम गणेश पंडित यांनी मांडली. भारतातून येऊन १९१४ मध्ये नागरिक झालेले पंडित कॅलिफोर्नियात वकिली करत. त्यांच्या युक्तिवादाला ताजा आधार होता. ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थाचा अर्ज नोव्हेंबर १९२२ मध्ये फेटाळताना याच न्यायालयाने गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, असा अर्थ लावला होता. तेव्हाचे वंशशास्त्रज्ञ उत्तर भारतीयांना कॉकेशियन गटात धरत. मग थिंड गोरे ठरायला हवेत, असा हा सरळ हिशेब होता.

१९ फेब्रुवारी १९२३ रोजी न्यायालयाने एकमताने तो नाकारला. दोन्ही निकाल न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनीच लिहिले. तीन महिन्यांपूर्वी प्रमाण मानलेले वंशशास्त्र आता बाजूला पडले. गोरा कोण हे शास्त्रज्ञ नव्हे, तर सामान्य माणसाची समजूत ठरवेल आणि त्या समजुतीनुसार भारतीय गोरा नाही, असे न्यायालयाने म्हटले. ओझावा कॉकेशियन नव्हते म्हणून गोरे नव्हते. थिंड कॉकेशियन असले तरी गोरे नव्हते. स्वतः सदरलँड यांचा जन्म इंग्लंडमधला. लहानपणी स्थलांतरित म्हणून अमेरिकेत आलेल्या या न्यायमूर्तींच्या बाबतीत असा प्रश्न कधी उद्भवलाच नाही.

थिंड यांच्या युक्तिवादातील कच्चा दुवा कोणता?

या कहाणीचा हा भाग अनेकदा वगळला जातो. आपण गोरे आहोत हे पटवण्यासाठी थिंड यांच्या बाजूने जातीचा आधार घेण्यात आला. ते उच्चवर्णीय आर्य आहेत, उच्चवर्णीयांनी बेटीव्यवहार आपसातच ठेवून रक्त शुद्ध राखले आहे आणि गोरे अमेरिकी काळ्यांकडे ज्या नजरेने पाहतात त्याच नजरेने ते खालच्या मानलेल्या समाजांकडे पाहतात, असा तो सूर होता.

गोरेपणाचा दावा करणे ही कायद्याने आणलेली सक्ती होती. जातीचा अभिमान मिरवणे ही मात्र सक्ती नव्हती. ज्या भिंतीने थिंड यांना बाहेर ठेवले, ती भिंत चुकीची आहे असा हा युक्तिवाद नव्हता. आपली जागा भिंतीच्या आत आहे, एवढेच त्याचे म्हणणे होते. योगायोग असा, की ज्या महिन्यात थिंड सिएटलला उतरले, त्याच जुलै १९१३ मध्ये अमेरिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावर, न्यूयॉर्कमध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिक्षणासाठी पोहोचले होते. जातीबाहेर लग्न न करण्याची प्रथा हाच जातिव्यवस्थेचा गाभा आहे, अशी मांडणी त्यांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील आपल्या निबंधात केली. सात वर्षांनी तीच प्रथा वॉशिंग्टनच्या न्यायालयात पात्रतेचा दाखला म्हणून पुढे आली, आणि उपयोगी पडली नाही.

निकालाची झळ कोणाला बसली?

आधीच नागरिक झालेल्या भारतीयांची नागरिकत्वे रद्द करण्यासाठी सरकारने खटले भरले. कॅलिफोर्नियात नागरिकत्वास अपात्र असलेल्यांना शेतजमीन घेण्यास बंदी होती. ती आता पंजाबी शेतकऱ्यांनाही लागू झाली. अनेकांना दुसऱ्याच्या नावावर जमीन कसावी लागली. सॅन फ्रान्सिस्कोतील व्यापारी वैष्णोदास बगाई पत्नी आणि तीन मुलांसह तिथे स्थायिक झाले होते. नागरिकत्व गेले, मालमत्तेवरचा हक्क गेला, अमेरिकी पासपोर्टही मिळेना. १९२८ मध्ये त्यांनी आयुष्य संपवले.

सरकारने खुद्द वकील पंडित यांच्यावरही खटला भरला. मात्र तो ते जिंकले. १९१४ मध्ये सरकारने अपील केले नव्हते, त्यामुळे प्रकरण पुन्हा उकरता येणार नाही, असा निर्णय १९२६ मध्ये अपील न्यायालयाने दिला. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला आणि ही मोहीम थंडावली. वंशाचा वाद न घालता, एकदा दिलेले नागरिकत्व मनमानीने काढता येत नाही या मुद्द्यावर मिळालेला हा विजय होता.

थिंड यांना नागरिकत्व मिळाले का?

मिळाले, पण तिसऱ्या खेपेला. पहिल्या महायुद्धात लढलेल्या आशियाई सैनिकांना नागरिकत्व देणारा कायदा १९३५ मध्ये झाला आणि १९३६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये थिंड अमेरिकी नागरिक झाले. तोपर्यंत ते देशभर फिरून अध्यात्मावर व्याख्याने देऊ लागले होते. शीख विचारांसोबत इमर्सन, व्हिटमन, थोरो यांचे संदर्भ देत ते बोलत. त्यांनी पुस्तकेही लिहिली. १५ सप्टेंबर १९६७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्यांचे निधन झाले.

इतर भारतीयांना १९४६ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षीच्या लूस-सेलर कायद्याने नागरिकत्व खुले झाले, पण भारतातून वर्षाला फक्त १०० जणांना प्रवेश ठेवला. या कायद्यामुळे १९४९ मध्ये नागरिक झालेले दलिपसिंग सौंद १९५६ मध्ये थेट अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेले. १९५२ मध्ये नागरिकत्वासाठीची वंशाची अट पूर्णपणे गेली, आणि देशनिहाय जुनी कोटा पद्धत १९६५ च्या कायद्याने मोडीत निघाली. पुढे पुण्या-मुंबईतून डॉक्टर आणि अभियंते अमेरिकेला जाऊ लागले, ते याच कायद्याने उघडलेल्या वाटेने.

आज ही कहाणी का महत्त्वाची?

थिंड यांनी देशासाठी गणवेश चढवला, तरी सामान्य माणसाच्या समजुतीपुढे तो तोकडा पडला. नागरिकत्व कोणाच्या समजुतीवर सोडले की काय होते, हे या खटल्याने दाखवले. आम्हीही तुमच्याइतकेच उच्च आहोत, हे पटवून भारतीयांना हक्क मिळाला नाही. उच्च-नीच ठरवणारी अट कायद्यातून गेली, तेव्हा तो सर्वांना मिळाला.