बिल्बाओच्या सज्जातली गोळी

सुमालाकारेगी हे लांबलचक नाव मी प्रथम वाचले ते बटाटा घातलेल्या ऑम्लेटच्या गोष्टीत. स्पेनमध्ये हे ऑम्लेट घरोघरी होते. बिल्बाओच्या वेढ्यात सैनिकांना स्वस्तात पोटभर खाऊ घालावे म्हणून या सेनापतीने ते शोधून काढले, अशी आख्यायिका आहे. ती खरी नाही. नव्हार प्रांतातल्या १८१७ च्या एका कागदातच, गरीब बायका दोन-तीन अंड्यांत बटाटा घालून ती पाचसहा जणांच्या पुरवठ्याला आणतात, असा उल्लेख आहे. पण या भाकडकथेनेच मला त्या माणसापर्यंत नेले.

तोमास दे सुमालाकारेगीचा जन्म २९ डिसेंबर १७८८ चा, उत्तर स्पेनच्या बास्क मुलखातल्या ओर्माइस्तेगी गावचा. नेपोलियनच्या फौजा आल्या तेव्हा तो सारागोसाच्या वेढ्यात लढला, कैद झाला, निसटला आणि डोंगरातल्या टोळ्यांना मिळाला. आपण ज्याला गनिमी कावा म्हणतो त्यासाठी युरोपने ‘गेरिला’ हा शब्द उचलला तो याच युद्धातून. पुढे तो कर्नल झाला. पण जुन्या राजेशाहीकडे कल असल्याच्या संशयावरून त्याला घरी बसवण्यात आले. गंमत अशी, की सख्खा भाऊ मिगेल आंतोनियो पक्का उदारमतवादी! पुढे पेटलेला वणवा असा एकेका घरातही शिरलेला होता.

सप्टेंबर १८३३ मध्ये राजा सातवा फर्डिनांड वारला. वारस कोण? पुरती तीन वर्षांचीही नसलेली मुलगी इसाबेला, की राजाचा भाऊ डॉन कार्लोस? मुलीला गादी मिळावी म्हणून राजाने १८३० मध्ये कायदा फिरवला होता. कार्लोसला तो मान्य नव्हता. आपले जुने प्रांतिक हक्क जातील या धास्तीने बास्क आणि नव्हारचे शेतकरी कार्लोसच्या बाजूला गेले. सुमालाकारेगी त्यांच्यात आला तेव्हा हाताशी होती ती धड बंदुका नसलेली काही माणसे. दीड वर्षात त्याने त्यांची फौज केली. शत्रूला दऱ्याखोऱ्यांत दमवायचे आणि बेसावध गाठायचे, ही त्याची रीत. ऑक्टोबर १८३४ मध्ये अलेग्रियाला त्याने सरकारी सेनेचा धुव्वा उडवला.

त्याचे कौतुक करताना माझी लेखणी अडखळते ती एरेदियापाशी. मार्च १८३४ मध्ये तिथे शंभराहून अधिक कैद्यांना त्याच्या हुकमावरून गोळ्या घालण्यात आल्या. समोरची बाजूही तेच करत होती, हे खरे. पण त्याने मेलेले परत येत नाहीत. एप्रिल १८३५ मध्ये लॉर्ड एलियट या इंग्रजाच्या मध्यस्थीने कैद्यांच्या अदलाबदलीचा करार झाला, तेव्हा कुठे हा प्रकार आटोक्यात आला.

त्या जूनपर्यंत गावामागून गाव पडत होते. सुमालाकारेगीचा बेत होता व्हितोरिया घेऊन माद्रिदच्या रोखाने जायचा. पण कार्लोसच्या दरबाराला पैसा हवा होता. बिल्बाओसारखे श्रीमंत बंदर हाती आले तर परदेशी सावकार कर्ज देतील, असा त्यांचा हिशेब. सेनापतीजवळ तोफा मोजक्या आणि जुन्या, दारूगोळा अपुरा. मनातून पटले नसतानाही त्याने हुकूम पाळला. एरवी कुणाला न जुमानणारा हा माणूस इथे गप्प का बसला, हा प्रश्न मला अजून छळतो.

१५ जूनला बेगोन्याच्या देवळाजवळच्या एका वाड्याच्या सज्जातून तो शहराची पाहणी करत होता. एक गोळी उसळून उजव्या पोटरीत घुसली. जखम क्षुल्लक वाटली. त्याने हट्टच धरला, मला माझ्या मुलखात न्या. सैनिकांनी आळीपाळीने खांद्यावरून त्याला सेगामा गावी नेले. तिथे डॉक्टर होते, शिवाय त्याचा विश्वास असलेला पेत्रिकिल्यो नावाचा गावठी वैद्यही होता. गोळी काढावी की नाही, यावर घोळ चालला. अखेर २४ जूनला ती काढली आणि त्याच दिवशी तो गेला. वय अवघे ४६.

कार्लोसने मागाहून त्याला उमरावपद दिले. बिल्बाओचा वेढा आठवडाभरातच उठला. पुढच्या वर्षी पुन्हा घातलेला वेढा एस्पार्तेरोने नाताळच्या रात्री लुचानाच्या लढाईत मोडला. १८३९ मध्ये कार्लोस फ्रान्समध्ये पळाला. १८७४ मध्ये त्याच्या नातवाच्या सैन्याने बिल्बाओला पुन्हा वेढा घातला. तोही उठवावा लागला.