दिमित्री मेंडेलीव्ह : मूलद्रव्यांची कुळे लावणारा पुरुष

पिंपरी-चिंचवड व चाकण येथील कारखान्यांत आसपासच्या गावांतील पुष्कळ तरुण काम करितात. लोखंड, ॲल्युमिनियम, तांबे, जस्त हे धातू रोज त्यांच्या हाताखालून जातात. ही सर्व मूलद्रव्ये होत. त्यांची कुळे ज्यांनी लावून दिली, त्या रशियन रसायनशास्त्रज्ञांचे चरित्र वाचकांस सादर करितो.

दिमित्री मेंडेलीव्ह ह्यांचा जन्म १८३४ साली सैबेरियातील तोबोल्स्क गावी झाला. मोठ्या कुटुंबातील हे शेंडेफळ. वडील शिक्षक होते. परंतु त्याच वर्षी त्यांची दृष्टी गेली. तेव्हा आई मारिया हिने काचेचा कारखाना चालवून मुले पोसली. १८४७ साली वडील वारले, आणि पुढच्याच वर्षी कारखाना आगीत भस्म झाला. तरी त्या माउलीने धीर सोडिला नाही. मुलास शिकविण्यासाठी ती शेकडो कोसांचा प्रवास करून मॉस्कोस गेली. तेथे प्रवेश नाकारण्यात आला, म्हणून ती सेंट पीटर्सबर्गला आली. १८५० साली तेथील अध्यापनसंस्थेत मुलगा दाखल झाला, आणि थोड्याच काळात आईने प्राण सोडिला. पुढे १८८७ साली मेंडेलीव्ह ह्यांनी आपला एक ग्रंथ तिच्या स्मृतीस अर्पण केला.

१८६७ साली ते विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. पाठ्यपुस्तक लिहिताना प्रश्न पडला की, त्या काळी ठाऊक असलेली त्रेसष्ट मूलद्रव्ये कोणत्या क्रमाने सांगावी? त्यांनी ती अणुभाराप्रमाणे मांडिली, तेव्हा ठराविक अंतराने तेच गुण पुन्हा येतात असे दिसले. लिथियम, सोडियम, पोटॅशियम हे तिन्ही मऊ धातू पाण्याशी झगडणारे. म्हणून ते एकाखाली एक आले. असा १८६९ साली आवर्ती कोष्टकाचा जन्म झाला.

काही ठिकाणी पुढचे द्रव्य गुणाने जुळेना. तेथे त्यांनी ओढूनताणून काही न बसविता घर रिकामे ठेविले, आणि १८७१ साली न सापडलेल्या तीन द्रव्यांचे वर्णनही लिहून ठेविले. एकास त्यांनी एका-ॲल्युमिनियम म्हटले. त्यातील ‘एक’ हा आपलाच संस्कृत शब्द होय. १८७५ साली फ्रान्समध्ये ब्वाबोद्रां ह्यांस गॅलियम सापडले. त्यांनी त्याची घनता ४.७ सांगितली. ती ५.९ च्या आसपास असावी, असे मेंडेलीव्ह ह्यांनी द्रव्य न पाहताच कळविले. धातू अधिक शुद्ध करून मोजिला, तो ५.९ च भरला! पुढे १८७९ साली स्कँडियम व १८८६ साली जर्मेनियम सापडून उरलेली दोन घरेही भरली.

त्यांचीही एके ठिकाणी चूक झाली. टेल्युरियम आयोडीनहून जड असूनही गुण पाहून त्यांनी ते आधी ठेविले, व त्याचा अणुभार चुकीचा मोजिला असावा असे मानिले. अणुभार बरोबरच होता. खरा क्रम अणुगर्भातील धनभाराच्या संख्येचा, हे १९१३ साली मोसली ह्या तरुण इंग्रजाने दाखविले. तोवर मेंडेलीव्ह ह्यांस जाऊन सहा वर्षे झाली होती.

आज कोष्टकात ११८ मूलद्रव्ये आहेत. त्यांतील १०१ व्यास १९५५ साली मेंडेलीव्ह ह्यांचे नाव देण्यात आले. जे ठाऊक नाही त्याची जागा प्रामाणिकपणे मोकळी ठेवणे हेही ज्ञानच होय, हा त्यांच्या चरित्राचा धडा आहे.