पत्त्यातले डॉक्टर बोर्जेस

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरचे अनेक कर्करुग्ण पहाटेची लोकल पकडून परळला टाटा मेमोरियल रुग्णालयात जातात. रुग्णालयाच्या पत्त्यात 'डॉ. ई. बोर्जेस मार्ग' असे लिहिलेले असते. हे बोर्जेस कोण, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचा जन्म १९०९चा, गोव्यातील बार्देश तालुक्यातला. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल सुरू झाले. तेथील सुरुवातीच्या पिढीतील शल्यविशारदांमध्ये त्यांचे नाव घेतले जाते. गोव्याच्या मुक्तिलढ्यातही त्यांचा सहभाग होता. १९६५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९६९ साली त्यांचे निधन झाले. निष्णात सर्जन होतेच, पण लोकांच्या मनात ते राहिले गोरगरिबांचे डॉक्टर म्हणून.

त्या काळी उपचारांची साधने मोजकी होती: शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि नुकती येऊ लागलेली औषधे. आज साधने वाढली, पण रुग्णाची गरज तीच आहे. तोंडाच्या कर्करोगाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर चेहरा बदलतो, बोलणे अस्पष्ट होते, काही काळ नळीतून अन्न घ्यावे लागते. हे आधी कोणी शांतपणे समजावले असेल, तर रुग्ण तयारीने सामोरा जातो. नसेल, तर घाबरून उपचार अर्धवट सोडतो. अर्धवट उपचारात आजार पुन्हा बळावू शकतो. म्हणून परिचारिकेचा धीराचा शब्द, ड्रेसिंग करताना वॉर्डबॉयने जपलेला आडोसा, केसपेपर खिडकीवरचे नीट उत्तर हीसुद्धा उपचाराचीच अंगे आहेत.

वांद्र्यात बोर्जेस यांच्या नावाने रुग्ण व नातेवाईकांसाठी निवासगृह आहे. गावाहून आलेल्याला रात्री पाठ टेकायला जागा मिळाली, तरच किरणोपचाराचे आठवडे पुरे होतात.

रुग्णांनीही संकोच सोडावा. प्रश्न घरूनच कागदावर लिहून न्यावेत. वेदना लपवू नयेत. शून्य ते दहापैकी किती, ते सांगावे. राहण्याची वा पैशांची अडचण असेल, तर रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकांना भेटावे. आणि आम्ही पांढऱ्या कोटातल्यांनी, गर्दी कितीही असली, तरी समोरच्याच्या डोळ्यांत पाहून दोन वाक्ये बोलावीत. रुग्ण आजाराशी झगडत असताना एवढे तरी आमच्या हातात असते.