न्यायनिष्ठ रामशास्त्री प्रभुणे

इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा येथे आपले पूर्वज ज्या पेशवाईच्या काळात येऊन स्थिरावले, त्याच पेशवाईतील रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. राजापेक्षा धर्मशास्त्र मोठे, हे त्यांनी वागून दाखवले. म्हणून त्यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

शास्त्रीबुवा साताऱ्याजवळच्या माहुलीचे. लहानपणी शिक्षण झाले नव्हते. साताऱ्यास एका सावकाराकडे चाकरी करत असता अपमान झाला आणि ते काशीस गेले, असे सांगतात. तेथे धर्मशास्त्राचे अध्ययन करून ते १७५१ मध्ये पेशव्यांच्या सेवेत आले आणि १७५९ मध्ये न्यायाधीश झाले.

पेशवा नावाने छत्रपतींचा प्रधान, पण तोवर राज्यकर्ता तोच झाला होता. थोरले माधवराव काही काळ जपतपात अधिक रमू लागले, तेव्हा शास्त्रीबुवांनी त्यांना अडवल्याची कथा प्रसिद्ध आहे. ब्राह्मणाने राज्य स्वीकारले की प्रजापालन हाच त्याचा धर्म. स्नानसंध्येतच वेळ घालवायचा असेल तर गादी सोडून गंगातीर गाठावे, असा त्यांचा रोख होता. माधवरावांनी ते मानले.

खरी कसोटी पुढे लागली. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि चुलते रघुनाथराव पेशवे झाले. शास्त्रीबुवांनी चौकशी करून त्यांनाच दोषी ठरवले. या पापाला देहान्त प्रायश्चित्तच आहे, असे तोंडावर सांगून त्यांनी पद सोडले आणि पुणेही सोडले.

हा निर्णय अमलात आणायला त्यांच्यापाशी फौज नव्हती. रघुनाथरावांना देहदंड कधीच झाला नाही. शास्त्राची सत्ता येथे थांबली, हे मान्य करायला हवे. पण गादीवर बसलेला माणूसही गुन्हेगार ठरू शकतो, हे दरबाराने ऐकले. बारभाईंनी रघुनाथरावांविरुद्ध कारभार हाती घेतला, १७७४ मध्ये नारायणरावांच्या पुत्रास, सवाई माधवरावांस, पेशवेपद मिळाले आणि शास्त्रीबुवा पुन्हा न्यायासनावर आले.

१७८९ मध्ये त्यांचे निधन झाले. घरात एका दिवसापुरतेच धान्य ठेवायचे, अशी त्यांची ख्याती होती. ज्याला गमावण्यासारखे फारसे नाही, त्यालाच राजासमोर खरे बोलणे सोपे जाते, असे आम्हास वाटते. घरातील मुलांना शास्त्रीबुवांची गोष्ट सांगताना निवाड्याबरोबर हे साधे राहणेही अवश्य सांगावे.