काळ्या आजाराचा हिशेब

कलकत्त्याच्या कॅम्पबेल मेडिकल स्कूलमधील एक लहानशी खोली. तेथे ना गॅसची जोडणी होती, ना पाण्याचा नळ. रात्रीचे काम रॉकेलच्या दिव्यावर चाले. याच खोलीत १९२० मध्ये डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी युरिया स्टिबामाइन हे औषध तयार केले आणि आसाम-बंगालमधील गावेच्या गावे ओस पाडणाऱ्या काळ्या आजाराला प्रथमच लवकर गुण देणारा उतारा मिळाला.

ब्रह्मचारी यांचा जन्म १८७३ मधला. वडील रेल्वेत डॉक्टर होते. गणित व रसायनशास्त्र शिकलेला हा विद्यार्थी पुढे वैद्यकाकडे वळला.

काळा आजार वालुमाशीच्या दंशाने पसरतो. ताप हटत नाही, प्लीहा वाढते आणि उपचार न झाल्यास रोगी बहुधा दगावतो. पूर्वी टार्टर एमेटिकची त्रासदायक इंजेक्शने महिनोनमहिने घ्यावी लागत. नव्या औषधाने हा काळ काही आठवड्यांवर आणला. हातावर पोट असलेल्या रुग्णाला वाचलेले हे दिवस औषधाइतकेच मोलाचे होते.

ब्रह्मचारी यांचे दुसरे मोठे निरीक्षण १९२२ मधील. बऱ्या झालेल्या काही रुग्णांच्या त्वचेवर कालांतराने चट्टे व गाठी उठतात आणि त्यांत रोगाचे परजीवी असतात, हे त्यांनी दाखवले. पुढे नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचवले गेले, पण ते मिळाले नाही. १९३४ मध्ये त्यांना 'सर' हा किताब लाभला. ६ फेब्रुवारी १९४६ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर मलेरियासाठी झालेल्या डीडीटी फवारणीमुळे वालुमाशीही मेली आणि काळा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. फवारणी थांबली. १९७० च्या दशकात बिहारमध्ये पुन्हा साथ उसळली. वाचवलेल्या पैशाची किंमत गरिबांनी प्राणांनी मोजली.

२००५ मध्ये भारत, नेपाळ व बांगलादेश यांनी निर्मूलनाचा करार केला. दहा हजार लोकांमागे वर्षाला एकाहून कमी रुग्ण, हे उद्दिष्ट ठरले. भारतीय उपखंडात या रोगाचा साठा मनुष्यातच असतो, निदानाला झटपट चाचणी आहे आणि एकाच दिवसाचे औषधही आले आहे. म्हणूनच हा खर्च फळाला येण्याची आशा होती. २०२३ मध्ये बांगलादेशच्या यशावर जागतिक आरोग्य संघटनेने शिक्कामोर्तब केले. भारतातील सर्व ६३३ बाधित गटांनीही त्याच वर्षी उद्दिष्ट गाठले.

खरी कसोटी यानंतरच असते. रुग्ण घटतात, तसा एकेक रुग्ण शोधण्याचा खर्च वाढतो आणि मोहीम आवरती घेण्याचा मोह होतो. मात्र बऱ्या झालेल्या एखाद्याच्या त्वचेवरील चट्ट्यातूनही वालुमाशी रोग पुन्हा उचलू शकते. अखेरच्या रुग्णापर्यंत पोहोचण्याचा खर्च जड वाटू लागेल, तेव्हा ब्रह्मचारींचे १९२२ मधील ते निरीक्षण आठवावे.